आंबट पाण्यातली लोकर

  जयपूर म्हटले की गालिचा आणि सांगानेरी छापाचे कापड दोन्ही डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्या रंगाचे श्रेय तिथल्या पाण्याला देण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. पुरंदरच्या तहामुळे आपल्या ओळखीचे झालेले मिर्झाराजे जयसिंग यांच्या शतकात आमेरच्या महालात लाहोरी गालिचे आले. लाहोरचे पाणी निराळे, काश्मीरचे निराळे. तरी लोकरीवरचा लाल बहुतेक लाखेचाच. सुतावर मात्र आधी हिरडा, मग तुरटी, आणि लाल मंजिष्ठेचा किंवा आलाचा. हा भेद पाण्याचा नाही, धाग्याचा आहे. लोकर म्हणजे केरॅटिन, आपल्या केसानखांचेच प्रथिन. आंबट पाण्यात तिच्यातल्या अमिनो गटांवर धनभार येतो. लाखेचा रंग मुळात आम्लच, त्याच्यावर ऋणभार. मग दोघांचे जमायला वेळ लागत नाही. एक किलो कोरडी लोकर सुमारे ४० ग्रॅम गंधकाम्ल धरून ठेवू शकते. उकळत्या पाण्यातली तुरटीही ती हिरड्यावाचून शोषते. सुताला यातले काही जमत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा, की मग कारखान्यातले आम्ल आल्यावर गालिच्यांची रया का गेली? बेळगावात जन्मलेल्या आणि मुंबईच्या राणीच्या बागेशी नाव जोडलेल्या जॉर्ज बर्डवूड यांनी १८८०च्या ग्रंथात तुरुंगातले गालिचे आणि अ‍ॅनिलीन रंग यांच्यावर कडाडून टीका केली होती. तक्रार खरी होती, पण बोट चुकीच्या जागी ठेवले गेले. १८५६च्या मॉव्ह या रंगापासून निघालेले पहिले झगझगीत रंग बहुतेक आम्लवर्गातले नव्हतेच, आणि उन्हात उडणे हा त्या रेणूंचा दोष होता. पुढे खास लोकरीसाठी जे आम्लरंग घडले त्यांतले कच्चे-पक्के दोन्ही निघाले, पण धाग्याला धरायची त्यांची रीत लाखेचीच. मिठाने रंग पक्का होतो, ही समजूतही सुतावरून लोकरीवर आलेली. आम्लाच्या कढईत ग्लॉबर मीठ, म्हणजे सोडियम सल्फेट, उलट काम करते: त्याचे सल्फेट लोकरीतल्या जागा आधी अडवते, रंगाला सावकाश शिरू देते, आणि म्हणून तो डाग न पडता सारखा बसतो.

लोकरीचा खरा वैरी दुसऱ्या टोकाला आहे: अल्कली. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ती विरघळून जाते, सूत तसेच राहते. धुण्याचा सोडाही अल्कलीच, तेव्हा घरचा गालिचा धुताना त्याला हात लावू नका.