अनुचित प्रभाव आणि दान (इंग्लिश न्यायनिर्णय)

दात्याचा विश्वास संपादन केलेल्या व्यक्तीने त्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन मिळविलेले दान न्यायालयास रद्द करता येते. इंग्लंडच्या समन्यायातील हे तत्त्व अनुचित प्रभावाचे तत्त्व म्हणून ओळखले जाते. उघड फसवणूक किंवा धाकदपटशा सिद्ध झाला नाही, तरीही ते लागू होऊ शकते.

आरंभीचे निर्णय

‘नॉर्टन विरुद्ध रेली’ (१७६४) या खटल्यात एका अविवाहित स्त्रीने मेथडिस्ट धर्मोपदेशकास दरसाल ५० पौंड देण्याचे लिहून दिले होते. लॉर्ड चॅन्सेलर नॉर्थिंग्टन यांनी तो दस्तऐवज रद्द केला.

‘ह्युगेनिन विरुद्ध बेझली’ (१८०७) हा पायाभूत निर्णय मानला जातो. एका विधवेने आपला कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूला मालमत्ता विनामोबदला लिहून दिली. पुनर्विवाहानंतर तिने पतीसह दावा लावला. सॅम्युएल रोमिली यांनी त्यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे. लॉर्ड एल्डन यांच्या मते, आपण काय करीत आहोत हे तिला कळत होते एवढ्याने भागत नाही. ती इच्छा तिच्या मनात कशी उत्पन्न झाली, हे पाहिले पाहिजे. त्यांनी ते दान रद्द केले.

ऑलकार्ड विरुद्ध स्किनर (१८८७)

कुमारी ऑलकार्ड १८७१ मध्ये एका धर्मभगिनी संघाची व्रतस्थ सदस्य झाली व तिने सुमारे ७,००० पौंडांची संपत्ती संघप्रमुख स्किनर यांच्या स्वाधीन केली. प्रमुखांच्या अनुमतीविना बाहेरच्या कोणाचा सल्ला घेण्यास संघात मनाई होती. ऑलकार्डने १८७९ मध्ये संघ सोडला. दावा मात्र १८८५ मध्ये लावला. स्किनर यांनी वैयक्तिक लाभ घेतला नव्हता. तरीही स्वतंत्र सल्ल्याची संधी नसल्याने हे दान मुळात रद्द होण्याजोगे होते, असे अपील न्यायालयाने मानले. तथापि, विलंब व मूकसंमतीमुळे बहुमताने दावा फेटाळला. न्यायमूर्ती कॉटन यांनी भिन्नमत नोंदविले. अशा प्रकारे तत्त्व मान्य होऊनही ऑलकार्डच्या हाती काहीच आले नाही.

भारतातील स्वरूप

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १६ मध्ये अनुचित प्रभावाची व्याख्या आहे. ‘मन्नू सिंग विरुद्ध उमादत्त पांडे’ (१८९०) या खटल्यात एका वृद्धाने पारलौकिक कल्याणासाठी आपली सर्व मालमत्ता गुरूला दिली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते दान रद्द ठरविले.