दुर्मीळ गाडी, त्याहून दुर्मीळ कागद : सत्तरीच्या अमेरिकी 'मसल कार'चा इतिहास कसा शोधतात?

१/ जून २०१४ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे मीकम कंपनीच्या लिलावात १९७१ सालची एक प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला विकली गेली. नवी असताना तिची किंमत काही हजार डॉलर होती. एवढी रक्कम केवळ पत्रा आणि इंजिन यांसाठी कोणी मोजत नाही. 'ही गाडी खरोखर तीच आहे' या खात्रीचे ते मोल असते. ही खात्री येते कुठून, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. बेताच्या आकाराच्या आणि बेताच्या किमतीच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवायचे, ही मसल कारची कल्पना. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओने ती लोकप्रिय केली. १९७० साली जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांवर स्वतःच घातलेली ४०० घन इंचांची इंजिन-मर्यादा उठवली. त्याच वर्षी शेव्हरोलेच्या शेव्हेलमध्ये ४५४ घन इंचांचे 'एलएस-६' इंजिन आले. त्याची जाहीर शक्ती ४५० अश्वशक्ती होती.

३/ १९७३ च्या तेलटंचाईने या गाड्या संपवल्या, असे सर्रास सांगितले जाते. कालक्रम मात्र वेगळे सांगतो. विम्याचे हप्ते त्याआधीच तरुण ग्राहकांच्या आवाक्याबाहेर गेले होते. डिसेंबर १९७० मध्ये निक्सन यांनी शुद्ध हवेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. १९७१ च्या गाड्यांत जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन घटवले. क्रायस्लरचे ४२६ घन इंची हेमी इंजिनही १९७१ नंतर गाड्यांत बसवले गेले नाही. तेलबंदी आली ती ऑक्टोबर १९७३ मध्ये.

४/ १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबल केवळ ११ बनल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही दुर्मीळता कंपनीने योजलेली नव्हती. १९७० मध्ये मूळ कुडा सुमारे तीन हजार डॉलरला मिळे आणि हेमी इंजिनासाठी वर सुमारे ८७० डॉलर मोजावे लागत. त्यात विम्याची भर. आज संग्राहक ज्या गाडीसाठी झुरतात, ती त्या काळी फारशी कोणी मागितलीच नव्हती.

५/ मग खरी गाडी ओळखायची कशी? पहिला पुरावा म्हणजे वाहन क्रमांक. प्लिमथचा क्रमांक 'बीएस२७आर१बी' असा सुरू होत असेल, तर त्यातले जवळजवळ प्रत्येक अक्षर बोलते. 'बी' म्हणजे बाराकुडा, '२७' म्हणजे कन्व्हर्टिबल, 'आर' म्हणजे हेमी इंजिन, '१' म्हणजे १९७१ आणि शेवटचा 'बी' म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना.

६/ शेव्हरोलेच्या बाबतीत ही सोय नाही. तिच्या वाहन क्रमांकात इंजिनाची खूण आली ती १९७२ पासून. त्यामुळे १९७० ची साधी व्ही-८ मालिबू आणि एलएस-६ शेव्हेल यांचे क्रमांक एकाच साच्याचे दिसतात. बनावट गाडी घडवणाऱ्यांना येथेच वाव मिळतो. इंजिनावरील अंक घासून नवे ठोकण्याचे प्रकारही होतात.

७/ १९७० मध्ये ४,४७५ एलएस-६ इंजिने बसवली गेली, हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्यांपैकी कन्व्हर्टिबल किती, याची विभागणी उपलब्ध नोंदींत नाही. तरीही त्याचे आकडे जाहिरातींत आत्मविश्वासाने छापले जातात. एकाचे पाहून दुसरा छापतो आणि कालांतराने त्या अंदाजालाच नोंदीची प्रतिष्ठा मिळते.

८/ कंपन्यांची दफ्तरेही सारखी टिकलेली नाहीत. पाँटिअ‍ॅकच्या विक्रीपावत्यांच्या प्रती मिळतात. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादन-नोंदींवरून केव्हिन मार्टी यांची संस्था गाडीनिहाय अहवाल देते. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेंची अशी गाडीनिहाय नोंद नाही. कॅनडात विकलेल्या गाड्यांची नोंद मात्र तेथील जनरल मोटर्सने जपली. म्हणजे गाडीचे मूळ सिद्ध होणार की नाही, हे ती सीमेच्या कोणत्या बाजूला विकली गेली यावर ठरते.

९/ क्रायस्लरच्या गाड्यांसाठी सर्वांत मोलाचा ठरतो तो 'ब्रॉडकास्ट शीट' नावाचा कागद. कोणत्या गाडीत कोणता भाग बसवायचा, हे जुळणीच्या साखळीवरील कामगारांना सांगणारी ती यादी. काम संपले की तिचा उपयोग संपे. पण कधी ती मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिली. शेव्हेलमध्ये असा कागद पेट्रोलच्या टाकीवर सापडतो. कधी तर शेजारच्याच गाडीचा कागद निघतो, म्हणून त्यावरचा क्रमांकही पडताळावा लागतो.

१०/ हे कागद ज्यांच्या हातून गेले, त्यांचाही इतिहास आहे. हॅमट्रॅमकच्या 'डॉज मेन' कारखान्यात मे १९६८ मध्ये साखळीचा वेग वाढवल्याच्या विरोधात संप झाला. शिक्षेचा भार कृष्णवर्णीय कामगारांवर अधिक पडला आणि त्यातून 'ड्रम' ही त्यांची लढाऊ संघटना उभी राहिली. १९८० मध्ये कारखाना बंद पडला, पुढे पाडला गेला. गाडीचा रंग, गिअर, आसनाचे कापड त्या कागदावरून आज सांगता येते. ती जोडणाऱ्याचे नाव त्यावर नाही.

११/ बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान द्यावा, हा धडा मराठी वाचकाला राजवाड्यांनी शतकापूर्वीच दिला. जाहिरातीतला आकडा ही बखर. स्प्रिंगांत अडकलेली यादी हा अस्सल कागद, कारण भावी ग्राहकाला भुलवण्यासाठी ती लिहिलेलीच नव्हती. म्हणून 'जगात केवळ इतक्याच' असे वाक्य पुढे आले की आधी विचारावे : हे कोणी मोजले, कशासाठी मोजले, आणि तो कागद कुठे आहे?