‘किसकी तरफ से?’ – सार्वजनिक सभेची गोष्ट

आपल्या मंडळाच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकावर अगदी वरच्या ओळीत ‘सार्वजनिक गणेशोत्सव’ अशी अक्षरे असतात. गेली कित्येक वर्षे मी ती पावती फाडतो आहे, पण त्यातल्या ‘सार्वजनिक’ या शब्दाकडे माझे लक्ष गेले ते 1997 साली, आणि तेही एका सरकारी कचेरीत, अपमान झाल्यावर. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा काहीतरी इतिहासावर लिहा म्हणून आग्रह केला, तेव्हा त्या शब्दाचीच गोष्ट सांगावी असे ठरविले.

22 मे 1997 ची पहाट जबलपूरकर विसरणे शक्य नाही. चार-सव्वाचारचा सुमार, उन्हाळा म्हणून निम्मी वस्ती गच्चीवर झोपलेली, आणि जमिनीखालून मालगाडी जावी तसा आवाज. त्या भूकंपात चाळिशीच्या घरात माणसे गेली आणि पडझड झालेल्या घरांची तर गणतीच नव्हती. पुढे नुकसानभरपाईच्या याद्या होऊ लागल्या. आमच्या मोहल्ल्यातील यादी लागली तेव्हा लक्षात आले की ज्यांच्या नावावर घर आहे त्यांचीच नावे आली आहेत. मागच्या खोल्यांत राहणारे भाडेकरू आणि विधवा बायका सुटल्या आहेत. आम्ही मंडळाचे पाच-सहा जण शाळेच्या दोनशेपानी वह्या घेऊन घरोघर हिंडलो. खोल्या किती, भेगा कोठे, माणसे किती, सगळे टिपून घेतले आणि तो कागद घेऊन कचेरीत गेलो. तेथील बाबूंनी वही उघडलीही नाही. चष्म्यावरून पाहत त्यांनी एवढेच विचारले, “आप लोग हैं कौन? किसकी तरफ से आए हैं?”

आम्ही निरुत्तर झालो. खरेच, कोणाच्या वतीने आलो होतो आम्ही?

घरी आल्यावर वडिलांना हे सांगितले. वडील मूळचे नागपूरचे. 1 नोव्हेंबर 1956 ला नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि हायकोर्ट जबलपूरला आले, त्या वेळी नागपूरहून जी अनेक मराठी कुटुंबे बाडबिस्तरा घेऊन इकडे आली त्यांतले आमचे एक. हयातभर कोर्टाच्या कागदांत वावरलेला माणूस. ते हसले आणि म्हणाले, “अरे, हाच प्रश्न पुण्याच्या लोकांना सव्वाशे वर्षांपूर्वी पडला होता. त्यांनी आधी मुखत्यारपत्रे गोळा केली, मग तोंड उघडले.”

पुण्याची सार्वजनिक सभा स्थापन झाली 2 एप्रिल 1870 रोजी. तिचे मूळ मोठे मौजेचे आहे. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल पुणेकरांच्या तक्रारी होत्या. देवस्थानचा पैसा कसा खर्च होतो, पंच कोणाला जबाबदार, असा वाद. म्हणजे देवळाच्या हिशेबातून निघालेली ही संस्था आहे, हे आपल्या खजिनदारांनी लक्षात ठेवावे! त्या वादात पडलेल्या मंडळींना वाटले की गाऱ्हाणी केवळ पर्वतीचीच कशाला, सगळ्याच लोकांची आहेत, तर ती मांडणारी कायमची सभा का असू नये? औंधचे पंतप्रतिनिधी पहिले अध्यक्ष झाले. पण सभेचा खरा प्राण होते गणेश वासुदेव जोशी, मूळचे साताऱ्याकडचे, पुण्यात वकिली करणारे. सभेच्या कामात ते इतके बुडाले की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले आणि तेच नाव इतिहासात राहिले.

सभेचा नियम असा होता की ज्याला सभासद व्हायचे त्याने निदान 50 प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. केवळ वर्गणी भरून कोणी सभासद होत नसे. आरंभी असे 95 सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे 6000 लोकांच्या सह्या होत्या. मताधिकार नाही, कायदेमंडळात लोकांनी निवडलेला एकही माणूस नाही, अशा काळात ही गोष्ट आहे. सरकारचे ठरलेले उत्तर असे असे की तुम्ही चार शिकलेली माणसे, तुम्ही रयतेचे कोण? त्यावर हा सह्यांचा गठ्ठा. त्या सभासदांत सरदार, इनामदार, सावकार, वकील यांचाच भरणा होता, शेतकरी थोडे, स्त्रिया नाहीतच, हेही खरे. आणि ते लपवून सभेचा मोठेपणा वाढत नाही. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी मात्र स्त्रियांसाठी वेगळी ‘स्त्रीविचारवती सभा’ काढली आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींच्या बायकांना एकत्र बसविले. आपल्या महिला शाखेने या नावाचा जरूर विचार करावा.

1871 साली महादेव गोविंद रानडे न्यायखात्यात पुण्याला बदलून आले आणि सभेला डोके मिळाले. काकांजवळ पायपीट होती, रानड्यांजवळ अभ्यास. सरकारी नोकर असल्याने रानड्यांचे नाव पुढे नसे. सह्या चिटणिसांच्या, मजकूर बहुतेक त्यांचा. सभेने दख्खनच्या रयतेच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक उपसमिती नेमली. प्रश्नावल्या पाठविल्या, जिल्ह्याजिल्ह्यातून सारा, कर्ज, पीक, मजुरी यांची माहिती मागविली आणि 1872-73 च्या सुमारास तिचा अहवाल तयार केला. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण हिंदुस्थानातल्या एका बिनसरकारी संस्थेने स्वतः आकडे जमवून सरकारच्या आकड्यांपुढे ठेवावेत, ही त्या वेळी नवीच गोष्ट होती. पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधी मिळावेत म्हणून सभेने वीस हजारांवर सह्यांचा अर्ज विलायतेला धाडला. प्रतिनिधी अर्थातच मिळाले नाहीत. 1876 मध्ये काकांनी पुण्यात लवाद कोर्ट काढले, म्हणजे कज्जे सरकारी कोर्टात न नेता आपसात मिटविण्याची सोय. वडिलांना हे विशेष आवडे, जरी त्यांची भाकरी कोर्टाचीच होती.

खरी परीक्षा झाली ती 1876-77 च्या दुष्काळात. सभेने आपली माणसे जिल्ह्यांत पाठविली. पाऊस किती, जोंधळ्याचा भाव काय, गुरे किती मेली, गाव सोडून किती माणसे गेली, दुष्काळी कामावर मजुरी काय मिळते, याची पत्रे पुण्याला येत आणि त्यांवरून सभा सरकारला खलिते लिही. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी मजुरांची मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे अशी केली होती. खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड, म्हणजे अर्धा शेरही नव्हे! सभेने याविरुद्ध लिहिले, आणि त्यात रडगाणे नव्हते, भाव आणि हिशेब होता. 1877 च्या दिल्ली दरबाराला काका हातमागाचे जाडेभरडे खादीचे कपडे घालून गेले आणि सभेचे मानपत्र दिले. हिऱ्यामाणकांच्या त्या गर्दीत ते कसे दिसले असतील! गांधीजी त्या वेळी सात-आठ वर्षांचे होते. 1879 साली वासुदेव बळवंत फडके यांचा खटला उभा राहिला तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेण्यासही काका पुढे आले. सरकारचा संशय रानड्यांवरही होताच. त्यांची धुळ्याला बदली झाली आणि तेथे त्यांच्या टपालावर नजर होती. 1880 साली काका वारले.

1878 पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. सीताराम हरी चिपळूणकर ते पाहत. जमीनसारा, जंगले, जकात, मीठ, स्थानिक स्वराज्य असे विषय, आणि लेखांखाली नाव नाही. रानड्यांनंतर त्यात ज्यांचे लेख गाजले तेही गणेश जोशीच, पण गणेश व्यंकटेश, पेशाने शिक्षक. या दोन जोश्यांची गल्लत थोरामोठ्यांच्याही लिहिण्यात झालेली मी पाहिली आहे. पुढे गोपाळ कृष्ण गोखले सभेचे चिटणीस झाले आणि 1897 साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे त्यांनी जी साक्ष दिली, तिच्या तयारीत या मास्तरांच्या आकड्यांचा मोठा हात होता.

आता जरा नाजूक भाग. 1895 साली निवडणुकीत लोकमान्य टिळकांच्या पक्षाने सभा ताब्यात घेतली आणि रानडे-गोखल्यांनी 1896 मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लोकमान्यांविषयी उणे लिहायचे नसते, आणि मला लिहायचेही नाही. पण पंचवीस वर्षांची संस्था दुभंगली ही हानीच झाली असे माझे मत आहे. मात्र लगेच हेही सांगितले पाहिजे की 1896-97 च्या दुष्काळात टिळकांच्या हातातील सभेने जे केले, ते तिच्या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटते. सरकारने ‘फॅमिन कोड’ नावाचा कायदा केलेला होता, पण तो इंग्रजीत. पीक बुडाले तर सारा तहकूब होतो, काम मागण्याचा हक्क आहे, हे ज्याच्यासाठी लिहिले त्या कुणब्याला कसे कळावे? सभेने त्याचा मराठीत गोषवारा छापून गावोगाव वाटला आणि माणसे पाठवून सभा घेतल्या. जो कायदा सरकारने स्वतः केला तो लोकांना वाचून दाखविणे, एवढाच हा गुन्हा! काही प्रचारकांवर खटले झाले, आणि 1897 मध्ये सरकारने जाहीर केले की लोकांची बाजू मांडणारी संस्था म्हणून या सभेला आम्ही ओळखत नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: तुम्ही कोणाच्या वतीने?

त्याच साली आपल्याकडे काय चालले होते? 1896-97 च्या दुष्काळाचा मध्यप्रांताला बसलेला तडाखा फार मोठा होता, आणि त्यातही जबलपूर, सागर, दमोह, मंडला या आपल्याच भागाला. 1898 च्या लायल कमिशनने देशभरच्या मदतकार्याची तपासणी केली, तेव्हा मध्यप्रांतात या कार्याला पुरते यश आले नाही हे मान्य करावे लागले. नर्मदेच्या काठच्या गोंड-बैगांना फॅमिन कोड त्यांच्या बोलीत कोण वाचून दाखविणार होते?

सभेची परंपरा मध्यप्रांतात आली ती थोडी उशिरा आणि वळसा घेऊन. 12 जून 1905 रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. आधी काही वर्षे अभ्यास आणि प्रवास, मग आयुष्यभर काम, पगार जेमतेम. पहिल्या तीन सदस्यांतले नटेश अप्पाजी द्रविड नागपूरला आले. 1911 साली तेथे ‘हितवाद’ सुरू झाला आणि द्रविडांनी तो पुष्कळ वर्षे चालविला. आज जबलपूरला सकाळी दारात जो इंग्रजी ‘हितवाद’ पडतो त्याचे हे मूळ; मालकी पुढे बदलली, नाव तेच आहे. त्याच 1911 साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. ते 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. पण 1920 मध्ये आपल्या मध्यप्रांतात तशा शिक्षणाचा कायदा झालाच. समाजाचेच ना. म. जोशी वर्षानुवर्षे मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलत राहिले. चाळींत हिंडणारा माणूस कायदेमंडळातही बोलतो, ही रीत सार्वजनिक काकांचीच.

हे सगळे त्या रात्री वडिलांनी सांगितले असे नाही. बरेचसे मी पुढे वाचले. त्यांनी सांगितले ते एवढेच की सह्या घेऊन या. आम्ही पुन्हा घरोघर गेलो. वहीच्या पहिल्या पानावर हिंदीत लिहिले की आम्ही खाली सही करणारे या मंडळींना आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार देत आहोत. दोन दिवसांत 211 सह्या आणि अंगठे झाले. त्यांत मराठी घरे निम्मीही नव्हती. एक म्हातारी अंगठा देताना म्हणाली, “बेटा, इससे घर बन जाएगा?” तिला काय सांगावे ते मला सुचले नाही.

कचेरीत बाबू तेच होते. प्रश्नही तोच आला. या वेळी आम्ही पहिले पान उघडून समोर ठेवले. त्यांनी दोन-तीन पाने उलटली, आत साहेबांकडे नेली. पंधरा दिवसांनी फेरपाहणीला माणूस आला. आमच्या वहीतील 34 सुटलेल्या कुटुंबांपैकी 19 यादीत चढली. बाकीच्यांसाठी वर्षभर खेपा घातल्या, पण जमले नाही. त्या म्हातारीचे नाव 19 मध्ये होते, पण पैसे हाती पडेपर्यंत ती मुलीकडे कटनीला निघून गेली होती आणि परत आली नाही.

पुण्याची सार्वजनिक सभा आजही आहे. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला गेलो तेव्हा बाहेरून पाहून आलो. आमची वही मंडळाच्या लोखंडी कपाटात, जुन्या पावतीपुस्तकांच्या खाली आहे. वाळवीने एक कोपरा खाल्ला आहे, सह्या शाबूत आहेत. कोणाला पाहायची असल्यास आरतीनंतर किल्ली माझ्याकडे मागावी.