घाट चढण्याचा हिशेब

पावसाळा सरता सरता एकदा वलवणच्या धरणाजवळ थांबलो होतो. भाच्याने विजेवरची मोटार घेतली होती आणि पुण्याहून मुंबईला तो मला तिच्यातूनच नेत होता. "मामू, आता पेट्रोलपंपाचं तोंड पाहायला नको," तो खुशीत म्हणाला. मी कवी माणूस, हिशेबात कच्चा. तरी कागद काढला.

शंभर किलोमीटरला त्याच्या गाडीला साधारण १५ युनिट वीज लागते. घरचे युनिट १० रुपयांना धरले तर दीडशे रुपये. वाटेतल्या चार्जिंग केंद्रावर २० रुपये पडले तर तीनशे. तेवढीच पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते. लिटर शंभर रुपये धरले तर खर्च जातो साडेसहाशेच्या पुढे. मात्र विजेची गाडी घेताना पैसे जास्त मोजावे लागतात. रोज फिरणाऱ्याचे ते लवकर वसूल होतात, कधीतरी फिरणाऱ्याचे होत नाहीत.

या डोंगराला हा हिशेब नवा नाही. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत आणि तो कोळसा दूर बंगालहून येई. सह्याद्रीवर कोसळणारे पाणी अडवून त्याची वीज करावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये वारले. पुढे १९१० मध्ये कंपनी निघाली. लोणावळा, वलवण आणि शिरवता इथे धरणे झाली. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडले आणि १९१५ मध्ये वीज सुरू झाली. तेव्हाही आधी भांडवल प्रचंड लागले, मग रोजचा खर्च उतरला.

नंतर पाळी रेल्वेची. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ चा, चढ सदतिसास एक. वाफेची इंजिने इथे धापा टाकत. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे मार्गावर वीज आली. मालगाड्यांच्या नव्या इंजिनांना लोक 'खेकडा' म्हणत. घाट उतरताना हीच इंजिने वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडत. मात्र त्या मार्गासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा इथे जे वीजकेंद्र उभारले, ते कोळशावरचे होते. आजही आपली बरीचशी वीज कोळशाचीच आहे. गाडीतून धूर निघत नाही, म्हणून तो कुठेच निघत नाही असे नव्हे.

आणखी एक रक्कम माझ्या कागदावर नव्हती. शेजारच्या मुळशी खोऱ्यात याच उद्योगाच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालेच, १९२७ मध्ये भिऱ्याला वीजही निघाली. भातखाचरे आणि घरे पाण्याखाली गेली.

आम्ही घाट उतरून खोपोलीला आलो. गाडीच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा कमी होण्याऐवजी दोनाने वाढला होता. भाचा म्हणाला, "बघा मामू, हे फुकटचं!"

मी म्हणालो, "फुकटचं कसलं? चढताना दिलं होतंस, त्यातलं थोडं परत मिळालं. मुळशीकरांना तेवढंही मिळालं नाही."

तो काही बोलला नाही. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.