सायबराबाद

हैदराबादच्या पश्चिमेला, माधापूर-गच्चीबावली भागात, पोलीस आयुक्तालयाच्या पाटीवर हे नाव आहे. १९९८ मध्ये हायटेक सिटी उभी राहिली आणि २००३ मध्ये सायबराबादला स्वतंत्र आयुक्तालय मिळालं.

नावाचा उत्तरार्ध आपल्या ओळखीचा. फारसी ‘आबाद’ म्हणजे वसलेलं, भरभराटीचं. मराठीत तो ‘आबादीआबाद’ होऊन रुळला. पूर्वार्ध मात्र लांबून आला. ग्रीक ‘कुबेर्नेतेस’ म्हणजे सुकाणू धरणारा, तांडेल. (आपलं सुकाणूही अरबी ‘सुक्कान’वरून आलेलं.) त्याच शब्दावरून १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनरने ‘सायबरनेटिक्स’ हे नाव घेतलं, पुढे विल्यम गिब्सनने १९८२ च्या कथेत ‘सायबरस्पेस’ लिहिलं. ‘गव्हर्नर’ही त्याच घराण्यातला. म्हणजे नियमन ‘सायबर’ या शब्दाच्या मुळातच आहे, आणि आज तो ‘गुन्हा’ला चिकटून कानावर पडतो याचं मला फार वाईट वाटतं.

‘डिजिटल अरेस्ट’चंच घ्या. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे ठाण्याचा देखावा, ‘फोन ठेवायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही’ असा दम. घाबरलेलं माणूस आयुष्याची पुंजी पाठवून मोकळं होतं. भारतीय कायद्यात अशी अटक नाहीच. तेलंगणाने २०२३ मध्ये सायबर सुरक्षा ब्युरो स्थापला, तो अशाच गुन्ह्यांसाठी. पैसे गेल्यावर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. तासन्‌तास लाजेत घालवले, की रक्कम चार खात्यांत फुटलेली असते.