पक्षिशिकारी कुत्रा

तितर, लावा अशा रानपक्ष्यांचा वासावरून माग काढणारा कुत्रा म्हणजे पक्षिशिकारी कुत्रा. पॉइंटर पक्ष्याचा वास येताच बहुधा एक पाय उचलून निश्चल उभा राहतो. रिट्रीव्हर पडलेला पक्षी न चावता आणून देतो. महाराष्ट्रातील कारवान या गटातला नव्हे. तो सावज नजरेने हेरून वेगाने गाठतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे भारतात हौशी शिकारीला परवानगी नाही. रानपक्षी पकडण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच ठरतो. त्यामुळे टिटवाळ्यात काळू नदीकाठी असे पिल्लू फिरवताना ते पट्ट्यानेच धरावे लागते. उपजत ओढ मात्र कायद्याने जात नाही. गवतात लपवलेली कापडी गुंडाळी हुंगून शोधण्याच्या खेळाने ती भागवतात. रेबीजची पहिली लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात देतात.