साडी, टिकली आणि मत : राजकारणातील स्त्रीला कपड्यांवरून का मोजले जाते?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत नाशिक शहर आणि परिसरातील चार मतदारसंघांपैकी तीन ठिकाणी महिला निवडून आल्या. नाशिक मध्यमधून देवयानी फरांदे, नाशिक पश्चिममधून सीमा हिरे आणि अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या देवळालीतून सरोज अहिरे. त्याच निवडणुकीत संपूर्ण राज्यात २८८ पैकी अवघ्या २१ महिला आमदार झाल्या. नाशिक महानगरपालिकेच्या १२२ जागांपैकी निम्म्या, म्हणजे ६१ जागा महिलांसाठी राखीव असतात. थोडक्यात, नाशिकच्या मतदाराला राजकारणातील बाई नवी नाही.

तरीही आम्ही गंगापूर रोड परिसरात महिलांच्या बैठका घेतो तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. पुरुष उमेदवाराचा विषय निघाला की तो कोणाचा माणूस, त्याने काय काम केले, किती पैसा खर्च करतो, असे प्रश्न येतात. महिला उमेदवाराचा विषय निघाला की आधी तिची साडी, तिचा मेकअप, तिचे केस आणि तिच्या कपाळावर टिकली आहे की नाही, हे येते. बंगल्यातही हेच आणि बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या वस्तीतही हेच. हा प्रश्न नेमका काय आहे, तो कोठून आला, बौद्ध महिलांसाठी तो वेगळा का आहे आणि त्यावर कायदेशीर उपाय कोणते, याची एकत्रित माहिती या लेखात देत आहोत.

एकाच कपड्याचे दोन अर्थ

पुरुष नेत्याच्या कपड्यांवर चर्चा होत नाही असे नाही. गांधीजींचा पंचा आणि बाबासाहेबांचा सूट यांवर आजही लिहिले जाते. पण त्या चर्चेत कपडा हा विचार मानला जातो. बाबासाहेबांचा सूट म्हणजे आत्मसन्मान आणि आधुनिकता, हे शाळकरी मूलही सांगते. स्त्रीच्या बाबतीत मात्र कपड्यावरून तिचे चारित्र्य ठरवले जाते. साधी राहिली तर 'गबाळी', नीटनेटकी राहिली तर 'नटवी', डोक्यावर पदर घेतला तर 'मागासलेली', केस कापले तर 'हाताबाहेर गेलेली'. कसेही राहिले तरी गुण कापले जातात.

१९९७ मध्ये महिला आरक्षण विधेयकावरील चर्चेत शरद यादव यांनी संसदेत 'परकटी' हा शब्द वापरला होता. केस कापलेल्या शहरी स्त्रियांचीच या विधेयकामुळे सोय होईल, असा त्यांचा रोख होता. मागासवर्गीय स्त्रियांना त्यात वेगळा वाटा हवा, हा मूळ मुद्दा महत्त्वाचा होता आणि आजही आहे. पण तो लोकांच्या लक्षात राहिला नाही, 'परकटी' राहिले. स्त्रीच्या केसांवर घसरले की चांगला मुद्दाही वाया जातो, याचे हे ठळक उदाहरण.

महाड १९२७ : लुगड्याचा प्रश्न राजकीय होता

आपल्या समाजाला कपड्याचे राजकारण कोणी नव्याने शिकवायला नको. अस्पृश्य स्त्रीने लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणत्या धातूचे दागिने घालावेत, हे गाव ठरवत असे. तिचा पेहराव म्हणजे दुरून ओळखता येणारा जातीचा दाखला होता.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच मुक्कामात बाबासाहेब महिलांशी स्वतंत्रपणे बोलले. ज्या खुणांमुळे अस्पृश्यता ओळखली जाते त्या खुणा टाका, लुगडे स्वच्छ आणि घोट्यापर्यंत नेसा, हातभर कथिल-चांदीचे दागिने घालू नका, मुलींना शिकवा, असा त्या भाषणाचा आशय होता. महिलांनी तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली.

पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. हजारो महिलांसमोर बाबासाहेबांनी स्वच्छता, शिक्षण, लग्नाची घाई न करणे आणि नवऱ्याची दासी न होता मैत्रीण होणे, हे विषय मांडले. समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत.

या दोन्ही प्रसंगांत कपडा कशासाठी होता, हे नीट समजून घ्यायला हवे. स्त्रीने स्वतःच्या हाताने जातीची खूण पुसावी, यासाठी. तिला दुसऱ्या कोणी तपासावे यासाठी नव्हे.

नाशिकला या इतिहासाची स्वतंत्र बाजू आहे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात महिला मोठ्या संख्येने होत्या. याच नाशिकच्या शांताबाई दाणी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमधून घडल्या, दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने काम करत राहिल्या आणि १९६८ ते १९७४ या काळात विधान परिषदेच्या सदस्य होत्या. 'रात्रंदिन आम्हा' हे त्यांचे आत्मकथन. त्यांचे नाव निघाले की मुलींची शाळा, वसतिगृह आणि चळवळ आठवते. स्त्री नेत्याची आठवण अशी राहायला हवी.

मायावती : दुहेरी मोजपट्टी

मायावती १९९५ मध्ये देशातील पहिल्या दलित महिला मुख्यमंत्री झाल्या. चार वेळा त्यांनी उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्रिपद सांभाळले. त्यांच्या निर्णयांवर टीका करायला भरपूर जागा आहे, ती व्हायलाही हवी. पण त्यांच्याविषयीच्या लिखाणात कापलेले केस, सलवार-कमीज, हिऱ्यांचे दागिने आणि हातातील पर्स यांनी जेवढी जागा घेतली, तेवढी क्वचितच कोणा पुरुष मुख्यमंत्र्याच्या पेहरावाने घेतली असेल. २०११ मध्ये विकिलीक्सने फोडलेल्या अमेरिकी कागदपत्रांत, सँडल आणण्यासाठी त्यांनी मुंबईला रिकामे विमान पाठवल्याचा दावा होता. मायावतींनी तो साफ फेटाळला. दावा सांगणारे आजही भेटतात, खुलासा सांगणारे भेटत नाहीत.

जानेवारी २०१९ मध्ये भाजपच्या आमदार साधना सिंह यांनी मायावती ना स्त्री वाटतात ना पुरुष, अशा अर्थाचे विधान केले. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतल्यावर त्यांनी खेद व्यक्त केला. बोलणारी स्त्रीच होती, हेही लक्षात ठेवावे. येथे बाईपण आणि जात दोन्ही एकाच वेळी मोजले जाते. दलित स्त्रीने साधे राहावे, ही अपेक्षा जुनीच आहे. ती सोने घालू लागली की डोळ्यांत खुपते.

ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच सांगतो. मार्च ते मे २०१९ या निवडणुकीच्या काळात ९५ महिला नेत्यांना उद्देशून आलेली १,१४,७१६ ट्विट्स त्यात तपासली होती. साधारण दर सातपैकी एक ट्विट त्रासदायक किंवा शिवीगाळ करणारे होते. वंचित जातींतील महिला नेत्यांना इतर जातींतील महिलांच्या तुलनेत जातीवाचक शिवीगाळ ५९ टक्क्यांनी जास्त सोसावी लागली.

महाराष्ट्रही मागे नाही

सप्टेंबर २०२१ मध्ये लावणी कलावंत सुरेखा पुणेकर यांच्या राष्ट्रवादी काँग्रेस प्रवेशाच्या चर्चेवेळी भाजपचे प्रवीण दरेकर शिरूरला 'रंगलेल्या गालांचे' मुके घेणारा पक्ष असे बोलले. डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन मंत्री गुलाबराव पाटील यांनी जळगाव जिल्ह्यातील प्रचारात मतदारसंघातील रस्त्यांची तुलना खासदार हेमामालिनी यांच्या गालांशी केली आणि टीकेनंतर माफी मागितली. २०२४ च्या विधानसभा प्रचारात शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. यांच्याविषयी 'माल' हा शब्द वापरला आणि नंतर खेद व्यक्त केला. पक्ष वेगवेगळे, झेंडे वेगवेगळे, नजर एकच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयात संभाजी भिडे यांनी एका महिला पत्रकाराला आधी टिकली लाव, मग बोलतो, असे सुनावले. राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. ती पत्रकार होती, नेता नव्हती. पण बौद्ध महिलांनी हा प्रसंग विसरू नये. सार्वजनिक ठिकाणी प्रश्न विचारण्यासाठी कपाळावर कुंकू हवे, अशी ती अट होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या कितीतरी आया-आज्यांनी कुंकू सोडले. त्यांच्या लेकी-नातींनी प्रचाराला जाताना ते पुन्हा लावावे का, हा प्रश्न आमच्याकडे कार्यकर्त्या खरोखर विचारतात. मते जातील, ही भीती त्यामागे असते.

आपल्या घरातील प्रश्न

दुसऱ्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. विहारातील कार्यक्रमाला पांढरी साडी नसली की कुजबुज होते. कोणी टिकली लावली तर ती 'पक्की बौद्ध नाही', कोणी मंगळसूत्र घातले तर तिचे भाषण ऐकण्याआधीच निकाल लागतो. तिच्याच शेजारी बसलेल्या पुरुष कार्यकर्त्याच्या हातातील गंडा-दोरा मात्र चालून जातो. बावीस प्रतिज्ञांमध्ये साडीच्या रंगाचा किंवा टिकलीचा उल्लेख नाही. प्रतिज्ञा स्त्री-पुरुष दोघांसाठी सारख्याच आहेत. मग परीक्षा एकटीचीच का?

कुंकू सोडणे हा धम्माच्या वाटेवरचा महत्त्वाचा निर्णय आहे, हे आम्ही मानतो. पण तो तिचा निर्णय आहे. दुसऱ्याच्या नजरेला घाबरून लावलेले आणि दुसऱ्याच्या नजरेला घाबरून पुसलेले कुंकू, दोन्ही गुलामीच.

परिणाम काय होतो?

२०१३ मध्ये अमेरिकेतील विमेन्स मीडिया सेंटर आणि शी शुड रन या संस्थांनी केलेल्या पाहणीत असे दिसले की, महिला उमेदवाराच्या दिसण्याचे कौतुक झाले तरी तिचे नुकसान होते. लोक तिच्या क्षमतेला कमी गुण देतात. पुढच्या काही अभ्यासकांना हा परिणाम इतका मोठा आढळला नाही. आमच्या अनुभवात नुकसान मतपेटीच्या आधीच होते. उमेदवारी मागण्याआधीच बाई माघार घेते. नवरा किंवा सासरे म्हणतात, लोक नावे ठेवतील. मग जागा राखीव असूनही निर्णय 'नगरसेविका पती' घेतो.

कायदा काय सांगतो?

• आदर्श आचारसंहिता : टीका धोरण, कार्यक्रम, मागील कामगिरी आणि काम यांपुरती हवी. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खाजगी बाबींवर टीका करता येत नाही. एप्रिल २०१९ मध्ये जयाप्रदा यांच्या अंतर्वस्त्रांवरून केलेल्या विधानाबद्दल निवडणूक आयोगाने आझम खान यांना ७२ तास प्रचारबंदी केली होती.

• भारतीय न्याय संहिता, कलम ७९ : स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द किंवा केलेला हावभाव हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

• ॲट्रॉसिटी कायदा, कलम ३(१) : अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला उद्देशून लैंगिक स्वरूपाचे शब्द वा हावभाव, तसेच लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान, हा गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हे संरक्षण आहे. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागत नाही.

• तक्रार कुठे : लोकसभा-विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोगाचे सी-व्हिजिल ॲप. महापालिका आणि जिल्हा परिषदेसाठी निवडणूक निर्णय अधिकारी आणि राज्य निवडणूक आयोग. याशिवाय पोलीस ठाणे आणि राज्य महिला आयोग.

भाषणाचा तोडलेला तुकडा पुरत नाही. पूर्ण व्हिडिओ, तारीख, वेळ, ठिकाण आणि ऐकणाऱ्या दोन साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत.

कार्यकर्त्यांसाठी

व्हॉट्सॲप गटात महिला उमेदवाराच्या फोटोवर शेरा आला तर गटप्रमुखाने तो लगेच काढावा, आपल्या विरोधी पक्षाची उमेदवार असली तरीही. महिला नेत्याची ओळख करून देताना 'सुंदर', 'साध्या राहणीच्या' असे शब्द टाळून तिने मांडलेले ठराव आणि केलेली कामे सांगावीत. आणि ती मते मागायला दारात आली की विचारावे : नळाला पाणी किती वेळ येणार? झोपडपट्टीतील घरे नावावर कधी होणार? मागासवर्गीय कल्याणाचा निधी मागच्या वर्षी कुठे खर्च झाला? उत्तर देता आले नाही तर मत देऊ नये. साडी कोणतीही असो.